माझी शेवटची आठ पानं

मित्रांनो, मी एक जुनी कादंबरी आहे. पाठीवरची सोनेरी अक्षरं केव्हाच उडून गेली, कोपरे झुरळांनी कुरतडले, आणि शेवटची आठ पानं खळ लावून चिकटवलेली आहेत. जो कोणी मला हातात घेतो तो त्या पानांपाशी थांबतो आणि म्हणतो, “किती जपलंय हो हे पुस्तक.” तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. इतर पुस्तकं आपली कहाणी मान वर करून सांगतात. मला माझी सांगायची लाज वाटते, म्हणून इतकी वर्षं तोंड उघडलं नाही. पण आता कसर माझ्या मधल्या प्रकरणांपर्यंत पोचली आहे. आज सांगितली नाही तर ती राहूनच जाईल.

माझा जन्म एका थंड देशातल्या छापखान्यात झाला. माझ्या अंगावर जी गोष्ट उमटली ती एका परक्याची. रानात कोळसा पाडणाऱ्यांना एक मूल सापडतं, त्याचा अर्धा चेहरा भाजलेला असतो. शाळा त्याला दारातून हाकलते. मग ते मूल दफनभूमीत जातं आणि थडग्यांवरची नावं गिरवून अक्षरं शिकतं. मोठा होऊन तो माणूस गावाच्या वेशीशी येतो, शिकलेलं सगळं बरोबर घेऊन, आणि गाव त्याला चोर ठरवतं. छपाईचे अक्षरांचे खिळे जुळवणारा म्हातारा माझं शेवटचं प्रकरण जुळवताना रडला होता. त्या दिवसापासून मला वाटायला लागलं की मी फार चांगली आहे. ज्याला वाचून रडू येतं तोही चांगला आणि जिला वाचून येतं तीही चांगली, असा माझा सरळ हिशेब होता.

बोटीच्या पोटातून मी क्वीन्सलँडच्या किनाऱ्यावर आले, कॅलारा नावाच्या उसाच्या गावात. तिथलं वाचनालय लाकडाचं होतं आणि माणसाच्या डोक्याहून उंच खांबांवर उभं होतं. पायाखाली फळ्या होत्या आणि वारा यावा म्हणून फळ्यांत करंगळी जाईल एवढ्या फटी. वरती कपाटं, टेबल आणि आम्ही. खाली सावली, गवत आणि पाण्याच्या टाकीशेजारी नेच्याच्या कुंड्या.

बुधवारी दुपारी तिथं बायकांचं वाचनमंडळ भरे. वाचायच्या त्या मिसेस ऑगस्टा पेनरोज, साखर कारखान्याच्या इंजिनिअरची बायको. बाकीच्या विणता विणता ऐकायच्या. बाईंचा आवाज असा की मला स्वतःची गोष्ट नव्यानं ऐकल्यासारखी वाटे. शाळेचा मास्तर त्या परक्यावर कुत्रं सोडतो ते प्रकरण वाचलं त्या दिवशी सगळ्यांचे रुमाल ओले झाले. एकीचा चहा थंड होऊन गेला. मी तर नुसती तरंगत होते. पेनरोजबाई पुस्तकांना फार जपायच्या. कपाटाशेजारच्या भिंतीवर त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात पाटी लावली होती: पान फाडणाऱ्यास या वाचनालयाची पायरी कायमची बंद.

आता त्याच्याविषयी सांगते. त्याचं नाव इरोमेआ, दूर समुद्रातल्या मलाइता बेटावरचा. गावातले गोरे लोक त्याला सॅम म्हणत, कारण खरं नाव विचारायला कुणाला वेळ झाला नव्हता. बाराव्या वर्षी तो ऊस तोडायला आला आणि पंचवीस वर्षं तोडत राहिला. मग कोयता घोट्यावर बसला, पाय अधू झाला, आणि वाचनालयाचे चिटणीस लेडलीसाहेब यांनी त्याला गवत कापायला, कुंड्यांना पाणी घालायला ठेवून घेतलं. ओढ्यापलीकडच्या झोपड्यांत तो आपल्या काकाबरोबर राहायचा. काकाचं नाव माएलिआउ. तिथल्या मलाइताच्या सगळ्या माणसांत त्याचा शब्द शेवटचा.

या माणसांचा एक नियम आहे. बाई ज्या फळीवर उभी असेल, तिच्याखाली पुरुषानं जायचं नाही. गेला तर पूर्वज कोपतात, आणि तो कोप त्या माणसावर न उतरता त्याच्या घरच्यांवर उतरतो. माएलिआउ दर रविवारी प्रार्थनेला जायचा, गळ्यात क्रूस घालायचा, पण हा नियम त्यानं सोडला नव्हता. बुधवारी तो वाचनालयावरून जाताना रस्ता ओलांडून पलीकडच्या कडेनं जाई.

इरोमेआला हे माहीत नव्हतं असं नाही. पहिल्या बुधवारी तो टाकीपाशी उभा राहून ऐकत होता. पुढच्या बुधवारी जिन्यापाशी आला. तिसऱ्या बुधवारी वारा होता, शब्द उडून जात होते, आणि बाई त्या दफनभूमीच्या प्रकरणाला पोचल्या होत्या. फटीतून मला त्याची गवती टोपी दिसली. ती बरोबर आमच्याखाली येऊन थांबली. मी बाईंच्या मांडीवर होते, आणि माझी गोष्ट ऐकण्यासाठी एका माणसानं आपल्या पूर्वजांकडं पाठ फिरवली होती. मला काय वाटलं असेल? मला वाटलं, हा कोण खाली घुसलाय.

सांगायला जीभ अडखळते, पण सांगते. शनिवारी लेडलीसाहेब आम्हाला व्हरांड्यात उन्हाला मांडत आणि इरोमेआ ब्रशानं एकेक पान झटकत असे. त्यानं मला पहिल्यांदा उघडलं तेव्हा मी अंग चोरलं. त्याच्या अंगठ्याला काकवीचा आणि मातीचा वास होता. मी पाठ ताठ केली, पुनःपुन्हा मिटत राहिले. त्यानं रागावून दाबलं नाही. तळहात ठेवून वाट पाहिली, लहान मुलाला झोपवताना पाहतात तशी. पोटात परक्याची एवढी गोष्ट घेऊन फिरणारी मी, आणि मला परक्याचा अंगठा चालेना.

मुळाक्षरं त्याला मिशनच्या रविवारच्या वर्गात मिळाली होती, पण तिथं त्यापुढं शिकवत नसत. पुढचं त्यानं माझ्याकडून घेतलं. बुधवारी ऐकलेली वाक्यं त्याला तोंडपाठ असायची. शनिवारी तो पहिल्या ओळीवर बोट ठेवायचा आणि वाक्य हळूहळू म्हणायचा, एका शब्दाला एक शब्द. आवाज ओळखीचा होता, अक्षरं अनोळखी होती. ओळखीच्याला धरून त्यानं अनोळखी जुळवली. एखादा शब्द उरला की तो मागं जाऊन पुन्हा मोजायचा. एकदा लेडलीसाहेब आतून म्हणाले, “सॅम, पुस्तकं झटकतोयस की जोजवतोयस?” तो म्हणाला, “साहेब, कसर फार आहे.” हिवाळा संपेपर्यंत तो कुठलंही पान उघडून वाचू लागला होता. आणि मीही, कबूल करते, शनिवारची वाट बघू लागले होते.

त्याच वर्षी सरकारचा कायदा अमलात आला. बेटांवरच्या माणसांना परत पाठवायचं होतं. बोट बंदरात लागायची होती. पण जी माणसं फार वर्षं इथं आहेत त्यांच्या चांगल्या वागणुकीची हमी गावातल्या प्रतिष्ठितांनी लिहून दिली, तर त्यांना राहता येईल, असं गावात बोलत. लेडलीसाहेबांनी काकापुतण्यांची दोन पत्रं लिहून ठेवली होती. येत्या सोमवारी वाचनालयाची समिती सही करणार होती.

इरोमेआला काहीही करून राहायचं होतं. पानं झटकताना तो माझ्याशी, म्हणजे स्वतःशीच, बोलायचा. तिकडं बेटावर आई गेली, भाऊ गेला. आपल्या भाषेतली निम्मी गाणी विसरलो. आणि मी जिथं बसलो ते तिकडं कुणाला कळलं, तर मला जेवायला कोण वाढेल? असं म्हणायचा आणि पुन्हा वाचायला लागायचा.

माझं शेवटचं प्रकरण तेवढं उरलं होतं. इरोमेआनंही ते वाचलं नव्हतं; बुधवारी ऐकल्याशिवाय पुढं वाचायचं नाही, असा त्याचा नेम होता. आधीच्या कादंबरीच्या वेळी मंडळातल्या एकीनं पुस्तक घरी नेऊन शेवट वाचला होता आणि चहाच्या वेळी सगळ्यांना सांगून टाकला होता. पेनरोजबाई तेव्हा दोन आठवडे तिच्याशी बोलल्या नाहीत. या खेपेला त्यांनी आधीच बंदोबस्त केला. गुरुवारी त्या एकट्या आल्या, भरतकामाची बारीक कात्री काढली आणि माझी शेवटची आठ पानं कापून शिवणाच्या टोपलीत ठेवली. बुधवारी आणून वाचायची आणि मग पुन्हा चिकटवायची, असा त्यांचा बेत होता. कापताना त्या स्वतःच्या पाटीकडं बघून थोडं हसल्याही. मित्रांनो, त्या दुष्ट नव्हत्या. हे मी पुन्हा पुन्हा सांगत आले आहे, बहुतेक स्वतःलाच.

शनिवारी इरोमेआनं मला उघडलं. शेवटाकडं आला आणि थांबला. पुढंमागं चाळलं. खाली वाकून व्हरांड्यात पान पडलंय का पाहिलं. मग मला दोन्ही हातांत धरून आत गेला.

“साहेब, याची शेवटची पानं नाहीत.”

लेडलीसाहेबांनी वर पाहिलं. “तुला काय ठाऊक शेवटची नाहीत ते?”

“गोष्ट अर्ध्यावर तुटते, साहेब. तो वेशीवर उभा आहे आणि पुढं पानच नाही.”

लेडलीसाहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग त्यांनी हळूच विचारलं, “तुला वाचता येतं?”

बघा हं. एखाद्यानं चोरी केली असती तर तो गप्प बसला असता. हा सांगायला गेला, आणि सांगितलं म्हणूनच सापडला. गवत कापणाऱ्याला वाचता येतं, ही गोष्ट त्यानं इतके दिवस लपवली होती. मग आणखी काय काय लपवलं असेल? साहेबांच्या मनात हे आलं ते त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसलं. त्यांनी मला त्याच्या हातातून काढून घेतलं.

सोमवारी समिती बसली. समितीचे चार जण, वाचनमंडळाच्या वतीनं पेनरोजबाई, दाराशी टोपी हातात घेऊन माएलिआउ, आणि टेबलासमोर इरोमेआ. मी टेबलावर उघडी पडले होते. शेजारी ती दोन पत्रं होती. मला कुणी नीट पाहिलं असतं तर कळलं असतं की पानं फाडलेली नाहीत, बारीक कात्रीनं सरळ रेषेत कापलेली आहेत, आणि अशी कात्री ओढ्यापलीकडच्या झोपड्यांत कुणाकडं नसते. पण माझ्याकडं कुणी पाहिलंच नाही. सगळे त्याच्याकडं पाहत होते.

पेनरोजबाईंच्या पायाशी शिवणाची टोपली होती. त्यांनी ती टाचेनं खुर्चीखाली सरकवली. मला वाटलं, आता बोलतील. त्यांचे ओठ दोनदा हललेसुद्धा. पण समोरच्या भिंतीवर त्यांची पाटी होती, आणि ज्या बाईशी त्या दोन आठवडे बोलल्या नव्हत्या तिचा नवराच समितीचा अध्यक्ष होता.

अध्यक्षांनी विचारलं, पानं कशाला घेतलीस? विडी वळायला?

इरोमेआ म्हणाला, “मला पानं घ्यायची गरज नाही, साहेब. तिथपर्यंतचं पुस्तक मला पाठ आहे.”

कुणीतरी हसलं. म्हणालं, म्हण बघू. आणि तो म्हणू लागला. पेनरोजबाईंच्याच चढउतारात, त्यांच्यासारखाच थांबत, तो माझ्यातलं वेशीवरचं भाषण म्हणाला.

“तुमची अक्षरं मी शिकलो ती तुमच्याशी बोलता यावं म्हणून. दगडांनी मला नाकारलं नाही. त्यांच्यावर तुमचीच नावं होती, म्हणून मला वाटलं तुम्हीही नाकारणार नाही.”

आणि ऐका, माझी सगळ्यात मोठी लाज इथं आहे. त्या माणसाचं आयुष्य टेबलावर पडलं होतं, आणि मी मनातल्या मनात फुलून आले होते. वाटत होतं, वा, मी किती सुंदर आहे.

लेडलीसाहेबांनी विचारलं, “हे तू कुठं ऐकलंस?”

तो खोटं बोलू शकला असता. खिडकीपाशी, म्हणाला असता. टाकीपाशी, म्हणाला असता. त्यानं एकदा दाराकडं, काकाकडं पाहिलं. मग खाली पाहिलं आणि म्हणाला, “इथं खाली. बुधवारी. या फळ्यांच्या खाली बसून.”

अध्यक्ष उठून उभे राहिले. बायका वर बसलेल्या असताना हा पुरुष फटींच्या खाली बसत होता, एवढंच त्यांनी ऐकलं. ते काय काय बोलले ते मी सांगत नाही. पेनरोजबाईंनी नकळत झगा पायांभोवती आवळून घेतला. त्या एका हालचालीनं निकाल लागला. इरोमेआचं पत्र लेडलीसाहेबांनी घडी करून खिशात घातलं. दुसऱ्या पत्रावर सह्या झाल्या.

माएलिआउ मात्र पत्र घ्यायला पुढं आला नाही. गोऱ्यांचा राग त्याच्या कानावरही गेला नव्हता. तो पुतण्याकडं बघत होता.

“किती बुधवार?” त्यानं विचारलं.

“मोजले नाहीत, काका.”

“थंडीत माझी नात तापानं गेली. तेव्हाही बसत होतास?”

इरोमेआनं मान खाली घातली.

“मग आता माझ्या चुलीपाशी येऊ नकोस,” माएलिआउ म्हणाला. आवाज चढला नव्हता. जिना उतरताना तो कठड्याला धरून उतरला, आणि आपलं पत्र विसरून गेला. ते दुसऱ्या दिवशी कुणीतरी पोचवलं.

एकच गोष्ट इरोमेआनं केली होती. गोऱ्यांनी ती निर्लज्जपणा म्हणून धरली आणि त्याच्या माणसांनी विटाळ म्हणून. दोन्हीकडचं दार एकाच दुपारी बंद झालं, आणि दोन्ही दारांची कडी मी होते.

बोट निघायच्या सकाळी तो आला. पेनरोजबाई एकट्याच होत्या. बुधवारसाठी टेबल लावत होत्या आणि टोपली व्हरांड्याच्या कठड्यापाशी खुर्चीवर होती. तो वर आला नाही, खालीही गेला नाही. उन्हात, गवतावर उभा राहिला. बाई व्हरांड्यात गेल्या तेव्हा मी त्यांच्या हातात होते.

“बाईसाहेब, एकच विचारायचंय. शेवटी काय होतं त्याचं? आत घेतात का त्याला?”

बाईंच्या हाताला घाम आला. तो माझ्या पुठ्ठ्यावर अजून डाग होऊन राहिला आहे. त्या म्हणाल्या, “हो. घेतात. म्हातारा पाद्री वेशीपर्यंत येतो, हात धरून त्याला आत नेतो.”

ते खोटं होतं. माझ्यात असं काही नाही. माझ्या शेवटच्या प्रकरणात गाव त्याला नदीपर्यंत हाकलत नेतं, आणि खरा चोर नंतर सापडतो. त्याला जाताना काहीतरी बरं ऐकवावं, एवढाच बाईंचा हेतू होता. पण पंचवीस वर्षं माणसांचे चेहरे वाचत आलेला, आणि आता पुस्तकंही वाचणारा माणूस समोर होता.

“पानं हरवल्यावर तुम्हाला शेवट कसा ठाऊक, बाईसाहेब?”

त्याची नजर कठड्यापाशी, खुर्चीवरच्या टोपलीकडं गेली. टोपलीतून माझ्या पानांची कड दिसत होती. त्यानं ती पाहिली हे बाईंनी पाहिलं, आणि मीही.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. सांगायला कुणाकडं गेला असता तर त्याहून बरं. पण त्याचं कोण ऐकणार होतं? त्यानं टोपी डोक्यावर ठेवली.

“मग खरं सांगा. घेतात का आत?”

बाईंनी नकारार्थी मान हलवली.

“वाटलंच मला,” तो म्हणाला, आणि अधू पाय ओढत बंदराच्या रस्त्याला लागला.

त्या बोटीत ओढ्यापलीकडची तीसेक माणसं होती, आणि तोपर्यंत तो कुठं बसायचा ते सगळ्यांना कळलं होतं. तो मलाइताला उतरला का, कुणी त्याला वाढलं का, मला माहीत नाही. कुणी म्हणे तो मधल्याच एका बेटावर उतरला, जिथं त्याला कुणी ओळखत नव्हतं. मी त्यावर विश्वास ठेवायचा प्रयत्न करते.

बुधवारी माझी पानं परत आली. बाईंनी सांगितलं, टाकीमागं सापडली. शेवटचं प्रकरण वाचताना सगळ्या बायका हुंदके देत होत्या. पेनरोजबाईंचा आवाज तिसऱ्या पानावर बसला. पुढचं दुसरीनं वाचलं. नंतर बाईंनी स्वतः खळ करून मला दुरुस्त केलं, इतक्या निगुतीनं की लोक आजही नावाजतात. त्यानंतर त्यांनी मंडळात कधी वाचलं नाही. भिंतीवरची पाटी मात्र काढली नाही. ती काढली असती तर का काढली ते सांगावं लागलं असतं.

बऱ्याच वर्षांनी एक वाकलेला म्हातारा जिना चढून आला. माएलिआउ होता तो. लेडलीसाहेबही आता म्हातारे झाले होते. तो म्हणाला, “ते पुस्तक दाखवा.” साहेबांनी मला काढून समोर धरलं. त्यानं हात लावला नाही. बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, “एवढंसंच आहे. मला वाटलं होतं मोठं असेल.” आणि जिना उतरून गेला.

मित्रांनो, अशा कहाणीच्या शेवटी पुस्तक विनंती करतं की मला जपा, फाडू नका, उन्हाला दाखवत जा. मला तसं म्हणायला तोंड नाही. मला फार जपलं. माझी आठही पानं जागेवर आहेत. मला वाचून तुम्हाला रडू आलं तर येऊ द्या, पण मी भुलले तशी तुम्ही त्या रडण्याला भुलू नका. पुस्तक मिटून ठेवा, उठा, आणि जिन्याखाली, टाकीपाशी, उन्हात कुणी ऐकत उभं आहे का ते बघून या. असेल तर त्याला त्याच्या खऱ्या नावानं वर बोलवा, खुर्ची द्या, आणि पुढचं पान त्याला वाचू द्या. मला त्याचा अंगठा पुन्हा एकदा हवा आहे. या वेळी मी मिटणार नाही.